उन्हाळ्यात घेतलेलं माप

आमच्या घरी महालक्ष्म्या येणार हे होळीच्या सुमारास ठरलं आणि त्या दिवसापासून आई भिंतींकडे पाहायला लागली.

तोवर ती भिंतींकडे पाहत नव्हती असं नाही. पण एखाद्या नातेवाइकाची एखादी सवय जशी आपण चालवून घेतो, तशी तिनं आमच्या पुढच्या खोलीची भिंत चालवून घेतली होती. आमचं गाव भातकुली तालुक्यात आहे. पुढच्या दोन खोल्या विटांच्या. मी शाळेत असताना बाबांनी बांधून घेतल्या. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपी वर छतापर्यंत गेलेली एक मोठी भेग होती. तिला फुटलेल्या बारीक भेगा वेगळ्याच. उन्हाळ्यात मोठ्या भेगेत माझं बोट जायचं. घरी कोणी पाहुणा आला आणि त्याची नजर तिकडे गेली, की बाबा लगेच सांगायचे, "मिस्तरीनं शिमिट खाल्लं." पाहुणा मान हलवायचा. मग चहा यायचा.

महालक्ष्म्या आजवर बसायच्या अकोल्याला, मोठ्या आईच्या घरी. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. भाद्रपदात तीन दिवस आम्ही सगळे तिकडे जायचो. आईच्या वाट्याला तिथं भाज्या चिरायचं काम असायचं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि त्या सोळाही भाज्या चिरणारी बाई देवीपुढे पोचेपर्यंत आरती संपलेली असते. साडी नेसवणं, मुखवटे बसवणं, कुंकवाची पावलं काढणं हे सगळं मोठी आई करायची. त्यात कोणाचं काही वाईट वाटून घेण्यासारखं नव्हतं; थोरल्या घरचा तो मान. पण परतीच्या गाडीत आई मला दरवर्षी विचारायची, "यंदा कनिष्ठेले कोणती साडी होती वं? मले नीट दिसलीच नाई."

मग मोठ्या आईचे गुडघे गेले. तिचं घर वरच्या मजल्यावर. तिनं फोन केला. तो फोन आईनं उभं राहून घेतला.

"या वर्षी तुमच्याकडे बसवून पाहू," मोठी आई म्हणाली. तिचा आवाज फोनमधून खोलीभर येतो. "एक वर्ष. त्यायले मानवलं तं ठीक. नाई तं मी उचलून परत नेईन, मंग कोणी राग धराचा नाई."

"हाव बाई," आई म्हणाली. फोन ठेवला आणि तिनं भेगेकडे पाहिलं.

---

मी तेव्हा अमरावतीला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. याचा अर्थ घरच्यांच्या दृष्टीनं असा होता, की जे जे कुणाला कळत नाही ते ते मला कळलं पाहिजे. फवारणीच्या डब्यावर काय लिहिलंय, मिक्सर का जळाला, म्हशीच्या कानातला बिल्ला कशासाठी असतो, सगळ्याचं उत्तर माझ्याकडून. मी "माहीत नाही" म्हटलं की बाबा समजुतीनं म्हणायचे, "आठवून पाह्य, शिकवलं असन." त्यामुळे मी कॉलेजात जितकं शिकत होते त्यापेक्षा जास्त घरासाठी फोनमध्ये शोधून शिकत होते.

"रंगारी लावायचा तं थो दहा दिवस बसते अन् आपल्याच घरी जेवते," आई म्हणाली. "तूच पाह्य ना फोनमंदी, भिंत कशी बुजवतात थे."

मी पाहिलं. एक हसतमुख माणूस हिंदीत समजावून सांगत होता. त्याच्या भिंतीला भेग होती, पण ती केसाएवढी, जणू त्यानं व्हिडिओसाठीच पाडली होती. तरी मी सगळं मन लावून पाहिलं आणि सुट्टी लागल्यावर गावी जाण्याआधी अमरावतीत एका रंगाच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा असल्या दुकानात गेले होते. आत दोन गिऱ्हाइकं होती, ती रंगारी असावीत.

"भाऊ, भिंतीच्या भेगा बुजवायच्या आहेत," मी म्हणाले.

"लांबी लागन," दुकानदार म्हणाला. "किती पायजे?"

मी विचार केला. "खिडकीपासून छतापर्यंत. माझ्या दोन हातांएवढी तरी असेल."

दुकानदारानं मान वर केली. "दोन हात लांबी?"

"थोडी जास्तच. तिरपी आहे ना."

एक रंगारी दुसऱ्याला म्हणाला, "भौ, ताईले फुटावर मोजून दे रे. अन् थोडी रुंदी बी टाकजो वरून, फुकट."

तेव्हा मला कळलं की भेगेत भरायच्या त्या पांढऱ्या लगद्यालाच लांबी म्हणतात. दुकानदारानं पुडा ठेवला आणि सांगितलं, "शिकले-सवरले पुट्टी म्हणतात. म्हणून तुमाले समजलं नसन." हे त्यानं माझी लाज राखायला म्हटलं, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

गावी पोचल्यावर मी जाणकारासारखं जाहीर केलं, "आधी लांबी लागते, मग रंग."

बाबा गंभीरपणे उठले आणि मोजायची टेप घेऊन आले. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांना बराच वेळ भिंत मोजू दिली.

---

ते वैशाखातले दिवस मला फार आवडले. सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही तिघं कामाला लागायचो. जमिनीवर आईच्या जुन्या साड्या अंथरल्या. लांबी लावायला पत्रा हवा होता, तो मी आणायला विसरले होते, म्हणून मी पोळी उलटायचा सराटा घेतला. सराट्यासारखं दुसरं हत्यार नाही. पातळ, लवचिक, हातात बसणारा. पहिल्या दिवशी आईला पत्ता लागला नाही. दुसऱ्या दिवशी चुलीजवळून तिचा आवाज आला, "अवं, माहा सराटा कुठं गेला?"

"भिंतीत," बाबा म्हणाले.

मग त्या दिवशीच्या पोळ्या आईनं चिमट्यानं उलटल्या आणि सराटा भिंतीच्या नावानं सोडून दिला.

बाकीच्या युक्त्या एकेक करून जमत गेल्या. खिळा ठोकायच्या जागी आधी चिकटपट्टीची फुली मारली की गिलावा फुटत नाही. जुन्या खिळ्यांची बारीक भोकं दात घासायच्या पांढऱ्या पेस्टनं बुजतात. वाळल्यावर पत्ताही लागत नाही, फक्त दोन दिवस खोलीला पुदिन्याचा वास येतो. बाबांनी भिंतीला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, "हिले आता दातच यायचे राह्यले." फळी सरळ बसली का ते पाहायला पाण्यानं अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवायची. हे शेवटचं बाबांना इतकं पटलं, की त्यांनी ती बाटली घेऊन घरातल्या सगळ्या वस्तू तपासल्या. देव्हारा वाकडा निघाला, खाट वाकडी निघाली. चूल पाहू नका, असं आईनं आधीच सांगून टाकलं.

भिंतीच्या खालच्या भागाला हिरवा ऑइलपेंट द्यायचा होता, पाठी टेकून डाग पडतात म्हणून. त्याची वरची रेघ सरळ यावी यासाठी सुताचा दोरा हळदीत बुडवून दोन टोकांना ताणायचा आणि मधोमध उचलून सोडायचा. फट् आवाज होतो आणि भिंतीवर पिवळी सरळ रेघ उमटते.

"भिंतीले हळद लागली," आई म्हणाली. "आता हिचं लगन लावून देऊ."

"पोट्टीच्या आधी?" बाबा म्हणाले.

"पोट्टी शिकून राह्यली. भिंतीले काय करायचं हाये घरी बसून?"

सगळ्यात मोठं काम दाराचं होतं. पुढच्या दाराची फळी आणि चौकट यांच्यात कडीच्या बाजूला बोटभर फट होती. बाहेरून पाहिलं तर आतलं निम्मं घर दिसायचं. कडी जेमतेम पोचायची. बाबा वरूडकडून आलेल्या संत्र्यांच्या पेट्या जपून ठेवतात, कशासाठी ते कोणाला माहीत नाही. त्यातली एक फोडली आणि तिच्या फळीची लांब पट्टी काढली. मी माप घेतलं. वर, मध्ये, खाली, तीन ठिकाणी. फट नेमकी भरेल अशी पट्टी बाबांनी तासली. ती आम्ही दाराच्या कडेला गोंदानं चिकटवली, वरून बारीक खिळे मारले. मग दार, चौकट, बिजागऱ्या, सगळं एकसारखं हिरवं रंगवलं. व्हिडिओतला माणूस रंगवण्याआधी बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून दार उतरवून घेत होता. मला ते उगाच वाढवलेलं काम वाटलं.

दार वाळलं. बाबांनी ते लावलं. टप्.

असा आवाज आमच्या घरात कधी झाला नव्हता. बाबांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. टप्. त्या संध्याकाळी त्यांनी शेजारपाजारच्या लोकांना बोलावून तो आवाज ऐकवला. "जीपचं दार लागते तसं लागते," ते सांगत होते. "माह्या पोरीनं माप घेतलं."

---

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमचं घर काळ्या मातीवर उभं आहे. माझा एक विषय भूगोल होता आणि वऱ्हाडातली काळी माती पाणी प्याल्यावर फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे मी त्याच वर्षी परीक्षेत चांगलं पानभर लिहिलं होतं. घर कशावर उभं आहे हे मात्र प्रश्नात नव्हतं. बाबांचं अख्खं आयुष्य त्या मातीत गेलं. उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत त्यांची चप्पल अडकलेली मी पाहिली आहे. पण शेतातल्या भेगा मातीच्या आणि घरातल्या भेगा मिस्तरीच्या, अशी त्यांच्या डोक्यात वाटणी झालेली होती. आम्हा तिघांपैकी कोणालाही वाटलं नाही, की ती बोटभर फट वर्षातून दोनदा आपली आपण बदलत असेल. आम्ही उन्हाळ्यातलं माप घेतलं आणि ते कायमचं धरलं.

पाऊस सुरू झाल्यावर भिंत मिटायला लागली. भेगेत भरलेली लांबी जाईल कुठे? मी आषाढात घरी आले तेव्हा खिडकीपासून छतापर्यंत भिंतीनं जीभ बाहेर काढलेली होती. मी सराट्यानं ती खरवडली, कागदानं घासली, पुन्हा रंग मारला. पुढच्या खेपेला पुन्हा थोडी आलेली. दारही जड झालं होतं. रात्री बाबा खांदा लावून ते बंद करायचे आणि सकाळी पाय लावून ओढायचे.

"नवं हाये," ते म्हणायचे. "बसन हळूहळू."

ते बसत होतंच.

---

भाद्रपद आला. मोठ्या आईला आणायला मी अकोल्याला गेले. येताना एसटीत तिनं मुखवट्यांची पिशवी मांडीवर घेतली. गाडीत गर्दी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पिशवी वर ठेवा ना, लोकायले जागा होईन."

"तू तुह्या मायले वर ठेवशीन काय?" मोठी आई म्हणाली. बडनेऱ्यापर्यंत त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं आधी पाणी घेतलं नाही. काठी टेकत पुढच्या खोलीत गेली, भिंतीवरून हात फिरवला, हिरव्या रेघेला डोळा लावून पाहिलं, त्या भेगेच्या जागेवर अंगठा दाबला. आई दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मोठी आई फक्त "हं" म्हणाली. त्या "हं"चा अर्थ लावण्यात आईची ती अख्खी संध्याकाळ गेली. भाजी निवडताना तिनं मला विचारलं, "चांगलं हं होतं की नुसतं हं होतं?"

मी म्हटलं, चांगलं असेल.

"तुले काय समजते हं मधलं," ती म्हणाली.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळपासून झड लागली होती, दुपारनंतर जरा थांबली. पुढच्या खोलीत सगळं मांडून झालं होतं. साड्या नेसलेली दोन धडं मुखवट्यांची वाट पाहत उभी होती, शेजारी त्यांची दोन लेकरं. साड्या आईनं नेसवल्या होत्या. खुर्चीवर बसून मोठी आई सूचना देत होती आणि आई निऱ्या मोडून पुन्हा घालत होती. अंगणातल्या तुळशीपासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून आत चौरंगापर्यंत आईनं कुंकवाची पावलं काढली. तेवढ्यात शेजारची शेळी आत शिरली आणि मखराला बांधलेल्या केळीच्या पानाला तोंड लावलं. एकच ओरडा झाला. शेळीला हाकललं, आणि पुन्हा येऊ नये म्हणून आईनं बाहेर येऊन दार जोर लावून ओढून घेतलं.

टप्.

मला तो आवाज ऐकून अजूनही छान वाटलं होतं.

गल्लीतल्या बाया जमल्या. तुळशीपाशी मुखवट्यांची पूजा झाली. मोठ्या आईनं ज्येष्ठेचं ताट उचललं आणि कनिष्ठेचं ताट आईच्या हातात दिलं. आईनं ते असं धरलं, जणू काठोकाठ भरलेलं काहीतरी तिच्या हाती आहे. मी चमच्यानं थाळी वाजवत पुढे. बाबा सगळ्यांत पुढे, दार उघडायला. आमचं दार आत उघडतं. त्यांनी हात लावला, ढकललं. मग खांदा लावला. मग दोन पावलं मागे येऊन खांदा लावला.

दार हललं नाही.

"काय झालं?" मोठी आई म्हणाली.

"काई नाई, काई नाई," बाबा म्हणाले. हे ते नेहमी काहीतरी झालेलं असताना म्हणतात.

शेजारच्या काकाजींनी खांदा लावला. दोघांनी मिळून लावला. हिरव्या रंगाचा टवका उडाला तेवढाच. बायांमधून आवाज आला, "दारानं उपास धरला वाटते."

"अवं, मागून न्या ना," दुसरी म्हणाली. "मागचं दार उघडं हाये."

मोठ्या आईनं तिच्याकडे वळून पाहिलं. "मागच्या दारानं लक्ष्मी येत नसते बाई, जात असते."

आभाळ पुन्हा भरून आलं होतं. मी आईकडे पाहिलं. ती दाराकडे पाहत नव्हती, मोठ्या आईकडेही पाहत नव्हती, हातातल्या मुखवट्याकडे पाहत होती. एक वर्ष, असं मोठी आई म्हणाली होती. ते एक वर्ष उंबऱ्याच्या बाहेरच संपायला आलं होतं. मी थाळी एका बाईच्या हातात दिली आणि मागच्या दाराकडे पळाले. बाबा माझ्यामागे.

आतून बाबांनी मूठ धरून दार ओढलं. मूठ त्यांच्या हातात आली. ती नवी होती, मीच बसवली होती. त्यांनी ती काळजीपूर्वक खिडकीत ठेवली. मी पट्टीच्या कडेला साबण चोळला, खोबरेल सोडलं. सुईएवढीही जागा नव्हती. बाहेरून मोठ्या आईचा आवाज आला, "आतून कोणी तरी इचारा बाप्पा, कशाच्या पावलानं आल्या म्हणून! उभ्यानं पाय दुखून राह्यले माहे!"

बाबा गोंधळले. देवी उंबऱ्यापाशी आली की आतल्या माणसानं हे विचारायचं असतं, म्हणून त्यांनी दाराला तोंड लावून विचारलं, "महालक्ष्म्या आल्या कशाच्या पावलानं?"

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "वल्या पावलानं! पाऊस येऊन राह्यला, उघडा लवकर!"

बाया हसल्या. त्या हसण्यात आईचा आवाज नव्हता. आणि तेव्हा मला व्हिडिओतला तो माणूस आठवला, जो दार रंगवण्याआधी उतरवून घेत होता.

"बाबा, दार उघडायचं नाही," मी म्हणाले. "काढायचं."

"काढायचं?"

"बिजागऱ्यांच्या खिळी आतल्या बाजूला आहेत. त्या खालून वर ठोकायच्या."

"लक्ष्मी दारात उभी हाये," बाबा म्हणाले, "अन् आपण दारच काढून राह्यलो?"

पण तोवर ते बत्ता आणायला वळलेही होते. बिजागऱ्यांवर मी इतका मन लावून रंग दिला होता, की खीळ कुठं आणि बिजागरी कुठं ते कळत नव्हतं. सराट्याच्या कडेनं रंग खरवडला. खालून लांब खिळा धरला. बाबांनी बत्त्याचा घाव घातला. खलबत्त्यातल्या बत्त्याचा आवाज घरात बरेचदा झाला आहे, पण इतक्या श्रद्धेनं नाही. पहिली खीळ उडून मखरात गेली. दुसरी वाकली, पण निघाली. तिसरी निघताना दारानं एक उसासा टाकला. मग आम्ही दोघांनी बिजागऱ्यांच्या बाजूनं बोटं घातली आणि ओढलं.

कर्रर्र झालं. संत्र्याच्या पेटीची पट्टी निम्मी चौकटीला चिकटून राहिली, निम्मी तुटून आली, आणि अख्खं दार बाबांच्या मिठीत पडलं. ते तसेच मागे मागे जाऊन गव्हाच्या पोत्यांवर बसले, दाराला कवटाळून.

समोर रिकामी चौकट. त्या चौकटीत पावसाच्या चार थेंबांनी भिजलेल्या दोन जावा, हातात ताटं. मागे सगळी गल्ली.

मोठ्या आईनं आधी चौकटीकडे पाहिलं, मग पोत्यांवरच्या बाबांकडे. तिच्या तोंडावर काय होतं ते मला ओळखता आलं नाही. मग ती मला म्हणाली, "आता इचार."

मी विचारलं, "महालक्ष्म्या आल्या कशाच्या पावलानं?"

याचं उत्तर दरवर्षी मोठी आई द्यायची. अकोल्यात वरच्या मजल्यावर, खणखणीत आवाजात. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. तिनं कोपरानं आईला हलकेच ढोसलं.

"सोन्याच्या पावलानं," आई म्हणाली. तिनं घसा खाकरला. "सोन्याच्या पावलानं. धनधान्याच्या पावलानं. गाईवासराच्या पावलानं." मग तिची नजर माझ्या हातातल्या सराट्यावर पडली. "लेकरायच्या पावलानं," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत आली.

---

तीन दिवस आमच्या घराला दार नव्हतं. पावसानं आवळलेल्या चौकटीत ते पुन्हा बसणं शक्यच नव्हतं. बाबांनी ते दोन ड्रमांवर आडवं टाकलं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला त्यावर आंबिलीचं पातेलं, पुरणाची परात, भाज्यांची भांडी ओळीनं मांडली. पाण्याची बाटली ठेवून ते सरळ आहे का हेही पाहिलं. बाबांची खाट उंबऱ्यापाशी आली. शेळी दोनदा येऊन गेली.

दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस आधी देवीला हात जोडायचा आणि मग विचारायचा, "दार कुठं गेलं?"

पहिल्या एकदोघांना बाबांनी सगळी कथा सांगितली, मिस्तरीपासून. तिसऱ्याला ते सांगायला लागले तेव्हा मोठ्या आईनं खुर्चीवरूनच तोडलं.

"महालक्ष्म्या बसल्या की दार लावत नसतात," ती म्हणाली.

पाहुणा जरा वरमला. आपल्याला एवढी साधी रीत माहीत नाही म्हणून. तो गेल्यावर आई हळूच म्हणाली, "बाई, असं कुठं असते?"

"आता हाये," मोठी आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ही रीत गल्लीभर झाली. समोरच्या घरी महालक्ष्म्या होत्या. तिथल्या सूनबाईनं दार सताड उघडून मध्ये दगड लावला.

त्या दिवशी आरतीला आई देवीच्या अगदी पुढे उभी होती. भाज्या आम्ही चिरल्या होत्या, मी आणि गल्लीतल्या दोघी. कारल्याच्या फोडी फार मोठ्या झाल्या, असं ती आरती चालू असतानाच मागे वळून मला सांगून गेली.

तिसऱ्या दिवशी निरोप झाला. मुखवट्यांवर अक्षता पडल्या, ते हलवले, उतरवले. मोठ्या आईनं ते एकेक करून मऊ धडप्यात गुंडाळले, जसं दरवर्षी करायची तसं, गाठी मारल्या. पिशवी शेजारीच होती. आई तिच्यासमोर बसून रिकामी धडं उतरवत होती. साड्यांच्या घड्या करत होती. खूप सावकाश करत होती. तिनं विचारलं नाही. आमच्या घरात असलं विचारत नाहीत.

मोठ्या आईनं दोन्ही गाठोडी मांडीवर घेतली. त्यांच्या गाठी पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. मग ती आईपुढे सरकवली.

"माळ्यावर ठेवजो," ती म्हणाली. "पण भिंतीले टेकवू नोको. तुह्या पोट्टीनं बुजवलेली भिंत हाये थे, पुढच्या उन्हाळ्यात काय गिळन सांगता येत नाई."

आईनं गाठोडी घेतली. "बाई, पुढच्या वर्षी तुमी केव्हा येसान?" ती म्हणाली.

"बलावशीन तवा. आता थ्या तुह्या घरच्या हायेत, मी पाहुणी."

आई उठली, गाठोडी छातीशी धरून, आणि घरात इकडून तिकडे फिरायला लागली. माळा कुठं आहे ते तिला माहीत होतं. बाबा चौकटीत पट्टीचा राहिलेला तुकडा रंध्यानं तासत बसले होते. त्यांनी विचारलं, "मंग दार बसवू का आता?"

"थांबा जरा," आई म्हणाली. "आत्ता कुठं लागून राह्यली घाई?"